आधी दुसऱ्याच्या बेरजा तपास

माझे वडील बँकेत होते. दिवसअखेर एका रुपयाचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. उशीर झाला की आई काही न विचारता ताट वाढायची. 'मेळ लागत नव्हता' हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळे.

तो मेळ मला पुन्हा भेटला चाळिशीत, बिटकॉइनच्या दारात. या चलनाला मालक नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी २००८ साली त्याची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू केले. त्याचा प्रोग्राम सर्वांना खुला आहे. कुणीही वाचावा, दुरुस्ती सुचवावी. वीस वर्षे प्रोग्राम लिहिण्यात घालवलेली! मोठ्या ऐटीत मी एक सुधारणा पाठवली. उत्तर सौम्य होते. याची गरज काय, आणि चाचणी कुठे आहे? दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन कुरकुरलो. वडील म्हणाले, "पहिल्याच दिवशी खतावणीत लिहायला देतात का रे? आधी दुसऱ्याच्या बेरजा तपास."

मग तेच केले. इतरांनी सुचवलेले बदल आपल्या संगणकावर उतरवायचे, चालवून पाहायचे आणि काय आढळले ते लिहायचे. यात एक रुपयाही गुंतवावा लागत नाही; सरावाची नाणी वेगळी असतात, त्यांना मोल नसते. लिहिणारे पुष्कळ, तपासणारे थोडे, हे मात्र लवकरच उमगले.

तपासणी ही दुय्यम गोष्ट नव्हे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाऊ नयेत, हा या चलनाचा मूळ नियम. ऑगस्ट २०१० मध्ये बेरजेतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी १८४ अब्ज नाणी एका फटक्यात निर्माण केली! काही तासांत दुरुस्ती आली, म्हणून निभावले. पुढे वेळ वाचवण्यासाठी एक तपासणी गाळली गेली आणि नाणी वाढण्याची वाट पुन्हा उघडी पडली. जाणकारांच्या नजरेतूनही ती निसटली. २०१८ साली ती लक्षात आली, तेव्हा कुठे बुजवली गेली.

काही महिन्यांनी माझी पहिली दुरुस्ती स्वीकारली गेली. एका चाचणीतली एकच ओळ! कौतुकाने वडिलांना दाखवली.

"ही तपासली कुणी?"

"दोघांनी. त्यांची नावगावं मलाही ठाऊक नाहीत."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उघडला.