विसरण्याआधी स्वभाव बदलतो: घराण्यातून येणाऱ्या डिमेन्शियाची सुरुवातीची लक्षणे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. बुजुर्ग माणूस नाव विसरला की हसून सोडूनही देतो. पण डिमेन्शियाचा एक प्रकार साठीची वाट पाहत नाही आणि त्याची सुरुवात विसरण्याने होत नाही. आधी स्वभाव बदलतो. आमच्या माकणीसारख्या गावात अशा माणसाला आजारी कोणी म्हणत नाही. ‘बिघडला’, ‘असर झाला’, ‘बायकोने कान भरले’ असेच म्हणतात. म्हणून हा विषय आम्ही मांडत आहोत.

आजार काय आहे?

याचे नाव फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया. यात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू हळूहळू झिजतो. वागण्याला लगाम घालणे, दुसऱ्याचे दुःख समजणे ही कामे याच भागाची. आठवण मात्र सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. सोयाबीनचा हिशेब, नातवंडांची नावे सगळे बरोबर सांगतात. मग घरचे म्हणतात, ‘इनको सब याद है, बीमारी कैसी?’ प्रागचे डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाची नोंद केली. २०२३ मध्ये हॉलिवूडचे अभिनेते ब्रूस विलिस यांना हाच आजार असल्याचे त्यांच्या घरच्यांनी जाहीर केले. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात सुरू होतो.

कशावर लक्ष ठेवावे?

- अदब सुटणे: मय्यतीच्या घरी हसणे, परक्या बाईला नको ते बोलणे.
- बेपर्वाई: शेत, दुकान, यार-दोस्त सोडून दिवसभर नुसते बसणे.
- माया आटणे: घरात कोणी आजारी असले तरी साधी चौकशी नाही.
- एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे: तेच वाक्य, तीच फेरी.
- गोडाचा हव्यास, पोट भरले तरी खात राहणे.
- पैसे उधळणे, कोणी सांगेल त्या कागदावर सही करणे.
- आपल्यात काही बदलले आहे हे स्वतःला न पटणे.

एखाद्या लक्षणावरून घाबरू नका. पूर्वी नसलेली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली आणि महिन्यागणिक वाढत गेली, तर डॉक्टर गाठा.

आमच्या लोहारा परिसराने १९९३ चा भूकंप सोसला आहे. तेव्हा जे विशीत होते ते आज पन्नाशी ओलांडून गेले, म्हणजे नेमके याच वयात आहेत. त्यांच्या वागण्याला ‘भूकंपाचा सदमा’ म्हणणे सोपे आहे. पण इतक्या वर्षांनी नव्याने आलेला बदल तपासूनच घ्यावा.

घराण्याशी संबंध

प्रत्येक रुग्णाला हा आजार वारशाने येत नाही. साधारण १० ते २० टक्के रुग्णांत मात्र एकाच जीनमधला दोष सापडतो. असे तीन मुख्य जीन १९९८, २००६ आणि २०११ मध्ये ओळखले गेले. आई किंवा वडील, कोणा एकात हा दोष असला तर प्रत्येक मुला-मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के.

इथे एक गैरसमज दूर करू. चुलत-मामे नात्यातल्या निकाहमुळे काही दुसऱ्या आजारांचा धोका वाढतो, पण हा आजार त्या वाटेने येत नाही. त्यामुळे सुनेला किंवा रिश्ता जोडणाऱ्याला दोष देऊ नका. त्याऐवजी घरातल्या जुन्या माणसांना विचारा: दादा, फुफी, मामू यांच्यापैकी कोणी पन्नाशीच्या आसपास असेच ‘बदलले’ होते का? कोणाचे हातपाय बारीक होत गेले, गिळणे बंद झाले होते का? यातल्या एका जीनमुळे तसाही आजार होतो.

काय करावे?

कोणता बदल कधीपासून दिसतो ते वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, डिप्रेशन, दारू, मेंदूतली गाठ यांनीही स्वभाव बदलतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. मेंदूविकार तज्ज्ञासाठी लातूर किंवा सोलापूर गाठावे. शासनाच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, मोफत सल्ला मिळतो.

फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया बरा करणारे औषध आज नाही. अल्झायमरच्या गोळ्यांचा यात फायदा होत नाही, उलट काहींची चिडचिड वाढते. म्हणून परस्पर गोळ्या आणू नका. रुग्णाशी वाद घालू नका. सातबारा, बँक पासबुक, गाडीची चावी विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

जीनची तपासणी करायची तर आधी समुपदेशन घ्यावे. सज्ञान माणसाने ती स्वतःच्या मर्जीनेच करावी, लहान मुलांची करू नये.

हा आजार न ओळखल्याने संसार मोडतात, भावाभावांत कायमचा अबोला येतो. बात तलाकपर्यंत किंवा वाटणीपर्यंत जाण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. दुआ जरूर करा, सोबत डॉक्टरही गाठा.