खेळावे की वाचावे?

बुद्धिबळाचा नाद लागलेला माणूस हरला, की दोनपैकी एक सबब सांगतो. सराव कमी पडला, किंवा अभ्यास कमी पडला! आमच्या घरात या दोन्ही सबबी नांदतात. पहिली माझी, दुसरी माझ्याकडे शिकायला राहिलेल्या भाच्याची.

वीस वर्षे मी रोज संध्याकाळी डाव मांडीत आलो, पण पुस्तक म्हणून कधी उघडले नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या चुका आजही तितक्याच इमानाने करतो. भाच्याचे उलट. डावाच्या सुरुवाती त्याला पंधरा-पंधरा चालींपर्यंत मुखोद्गत. परवा स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने चौथीच चाल पुस्तकाबाहेरची केली आणि स्वारी गडबडली. घरी येऊन म्हणाला, “मामा, पट माळ्यावर टाका. हा खेळ माझ्यासाठी नाही.”

मी पट मांडला. माझ्याच एका हरलेल्या डावाचा शेवट होता तो. समोर हत्ती आणि एक प्यादे; माझ्याकडे नुसता हत्ती, पण राजा प्याद्याच्या वाटेत उभा. भाचा हसला. “अहो मामा, हा तर बरोबरीचा डाव! अठराव्या शतकात फिलिडोरने दाखवून ठेवलाय. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादे त्या ओळीत आले, की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. त्याच्या राजाला मग आडोसाच उरत नाही.”

“ठीक. आता हेच माझ्याशी खेळून दाखव,” मी म्हणालो आणि घड्याळ लावले. घाईत त्याने हत्ती ओळीतून आधीच काढला, आणि पंडित हरले!

१९४८ साली जगज्जेता झालेला बॉटविनिक हे दोन्ही जाणून होता. आपल्या डावांची चिकित्सा तो छापून लोकांपुढे ठेवी, म्हणजे चुका लपत नसत. आणि धुराने चित्त विचलित होऊ नये म्हणून मित्राला तोंडावर धूर सोडायला लावून सरावाचे डाव खेळे.

आमचाही आता नेम ठरला आहे. मोबाइलवरचे झटपट दहा डाव सोडून एकच सावकाश खेळायचा. चाली लिहायच्या. दुसऱ्या दिवशी चूक शोधायची, तेवढेच पुस्तकात पाहायचे आणि पुढच्या डावात वापरायचे.

काल तो हत्तीचा शेवट मी बरोबरीत सोडवला. वीस वर्षांची उधारी फिटली. आणि पट? तो अजून माळ्यावर गेलेला नाही.