द्विजांचें अपुरें मूळ

अमरकोशांत ‘द्विज’ शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: दांत, विप्र आणि पक्षी. दांत दोनदां जन्मतो. परंतु तिसरा जन्म त्याला नाहीं, ही गोष्ट घरोघर विसरली जाते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागें, कोणताही दांत न पडतां, जी नवी दाढ येते ती कायमची असते. तिला दुधाची समजून, किडली तरी “पडेल आपोआप” म्हणून वडील मंडळी स्वस्थ बसतात.

दांत हिरडीबाहेर दिसूं लागला म्हणजे पूर्ण झाला असें नव्हे. त्याचें मूळ पुरें होण्यास पुढें सुमारें ३ वर्षें लागतात. तोंवर मुळाच्या भिंती पातळ असतात व टोंक नरसाळ्यासारखें उघडें असतें. हें बांधकाम दांताच्या पोटांतील मृदु, रक्तवाहिन्यांनीं युक्त असा गाभा करितो. पडून दांत तुटला किंवा कीड आंत पोंचली आणि गाभा मेला, कीं बांधकाम तेथेंच थांबतें.

प्रौढाच्या दांताची नळी भरतांना टोंकाच्या अरुंदपणाचा आधार मिळतो. मुलाच्या दांतांत तो नसल्यामुळें भरलेलें द्रव्य खालीं हाडांत उतरण्याची भीति असते. म्हणून गाभा जिवंत असल्यास दंतवैद्य त्याचा बिघडलेला भागच काढून उरलेल्यावर औषधाचा थर देतात. मग मूळ स्वभावतःच पुरें होतें. हा मार्ग सर्वोत्तम. पण तो वेळेवर जाणारांसाठींच.

गाभा मेलेला असल्यास १९६० नंतरच्या दशकांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची योजना रूढ झाली. रसायनदृष्ट्या हा विड्याला लावावयाचा चुनाच होय. मात्र घरचा चुना दांतांत कदापि भरूं नये. त्यानें टोंकाशीं कठीण पडदा बनतो. परंतु त्यास अनेक महिने, क्वचित् दीड वर्षही लागतें, आणि दीर्घकाळ ठेवल्यास दांत ठिसूळ होतो. १९९० नंतर अमेरिकेंतील लोमा लिंडा विद्यापीठांत निघालेल्या ‘एम. टी. ए.’ नांवाच्या सिमेंटानें तेंच बूच एकदोन भेटींत बसतें. २००१ पासून तिसरी रीति पुढें आली: नळी निर्जंतुक करून टोंकापलीकडील रक्त आंत आणावयाचें. कित्येकदां त्यामुळें मूळ लांबतें व भिंती जाड होतात. प्रत्येक वेळीं तसें घडतेंच असें नाहीं.

मातापित्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. दांत तुटल्यास त्याच दिवशीं दंतवैद्याकडे जावें. तुकडा दुधांत घालून न्यावा. कायमचा दांत समूळ निघाल्यास मुळाला स्पर्श न करितां वरच्या भागीं धरावा, मळला असल्यास क्षणभर धुवून जागीं बसवावा. न जमल्यास थंड दुधांत ठेवून तासाच्या आंत पोंचावें. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये. मार लागलेला दांत पुढें काळवंडला, तर दुखत नसला तरी दाखवावा.

जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत हाडांत कृत्रिम दांत रोवितां येत नाहीं. आठव्या वर्षीं गेलेल्या दांताची उणीव मुलाला दहा वर्षें सोसावी लागते. म्हणून अधू कां होईना, स्वतःचा दांत राखण्यासाठीं केलेली धांवपळ व्यर्थ नव्हे.