गाइडचा एच-इंडेक्स पाहताना : आकडा वाचा, पण पेपरही उघडा

सावर्ड्यात गोविंदराव निकम कॉलेज ऑफ फार्मसी आहे. त्यामुळे परिसरातील बौद्धवाड्यांतल्या मुलामुलींना फार्मसीचे शिक्षण आता परके राहिलेले नाही. एम.फार्म. करून पीएच.डी.चा विचार करणारे तरुण भेटतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "ताई, या सरांचे 120 पेपर आहेत, एच-इंडेक्स 25 आहे. गाइड म्हणून निवडू का?"

घरात कुणी संशोधन केलेले नसते, त्यामुळे विचारायचे कुणाला? म्हणून हे आकडे समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

एखाद्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये केला, की ते एक सायटेशन. एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडली. समजा, एका संशोधकाच्या सहा पेपरना 40, 12, 8, 5, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. किमान 4 सायटेशन्स असलेले किमान 4 पेपर त्याच्याकडे आहेत. पण किमान 5 सायटेशन्स असलेले 5 पेपर नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स 4.

गूगल स्कॉलरवर हा आकडा बहुधा स्कोपसपेक्षा मोठा दिसतो, कारण गूगल स्कॉलर अधिक प्रकारचे साहित्य मोजते. दोघांची तुलना करायची तर एकाच ठिकाणचे आकडे घ्या. विषय आणि वयही पाहा. ज्येष्ठ संशोधकाचा आकडा साहजिकच मोठा असतो.

आकडे काय लपवतात?

स्वतःच्याच जुन्या पेपरचे उल्लेख करूनही सायटेशन्स वाढतात. इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू पेपरना मूळ प्रयोगांपेक्षा बहुधा जास्त सायटेशन्स मिळतात. शिवाय उल्लेख म्हणजे सहमती नव्हे. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यात सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्यांचा उल्लेख आहे, पण प्रत्येक व्याख्या तपासून तिच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. आजच्या हिशेबात ती चार सायटेशन्सच धरली जातील!

उलट उदाहरण औषधी रसायनशास्त्रातलेच आहे. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावरील आर्टेमिसिनिनचा शोध लावला. 1977 मध्ये त्याच्या रचनेवरचा पेपर छापला गेला, तेव्हा त्यावर कुणाही व्यक्तीचे नाव नव्हते. त्यांच्याकडे डॉक्टरेटही नव्हती. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मग पाहायचे काय?

गेल्या पाच वर्षांतले चार-पाच पेपर उघडा आणि हे तपासा :

• रेणू प्रयोगशाळेत खरोखर तयार केला आहे, की फक्त संगणकावर डॉकिंग केले आहे? डॉकिंग हा अंदाज असतो, औषधाचा पुरावा नव्हे.
• एनएमआर व मास स्पेक्ट्रमने रचना सिद्ध केली आहे का? जंतूंवर किंवा पेशींवर चाचणी केली आहे का? तुलनेसाठी माहीत असलेले औषध घेतले आहे का?
• पहिले नाव कुणाचे आहे? बहुधा ते प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे असते. विद्यार्थ्यांना ते स्थान मिळते का?
• एखादा पेपर मागे घेतला गेला आहे का?

शेवटी, त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला. पदवीला किती वर्षे लागली, साहित्य वेळेवर मिळाले का, वागणूक कशी होती, हे कुठल्याच इंडेक्समध्ये नसते. आपल्या मुलांसाठी हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

'आठ दिवसांत पेपर छापून देतो' असे मेल येतात. खरे परीक्षण न करता पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये फेलोशिपचे पैसे घालवू नका. यूजीसीने 2025 मध्ये केअर यादी बंद केल्यामुळे जर्नल पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. संपादक मंडळ खरे आहे का, जर्नल पबमेड किंवा स्कोपसमध्ये आहे का, हे त्या जर्नलच्या दाव्यावरून नव्हे, तर थेट पबमेड-स्कोपसवर जाऊन तपासा.

कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. पीएच.डी.चा अर्ज भरतानाही तेच करायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!