हुडाच्या खिडकीवरचा गोंद: पेट्रोल नको, तेल लावा

जळगाव जामोदच्या रस्त्यांवरच्या रिक्षांना आणि कापडी हुडाच्या जिपांना मागे पारदर्शक खिडकी असते. ती काच नव्हे, मऊ पीव्हीसी. त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे ती लवचीक राहते. चीर पडली की टेप लागते, आणि वैशाखातल्या चाळिशीपारच्या उन्हात तिचा गोंद मऊ होऊन खिडकीला धरून बसतो. अशा वेळी हात पेट्रोल किंवा थिनरकडे जातो. डाग झटकन निघतो, हे खरे. पण हीच द्रावके पीव्हीसीतले द्रव्य ओढून घेतात. खिडकी धुरकट होते, कडक पडते, घडीवर तडकते. मागचे दिसणे हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून ही घाई मला अजिबात पटत नाही.

गाडी सावलीत घ्या, कोमट ओल्या फडक्याने टेप मऊ करून कडेपासून सावकाश सोला. उरलेल्या गोंदावर खायच्या तेलाचे बोट फिरवा. दहाएक मिनिटांत तो फुगून गोळ्या होऊन सुटतो. तेलावर धूळ बसते, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठीच लगेच साबणाच्या पाण्याने धुवायचे. ब्लेड मात्र लावूच नका, त्याचा ओरखडा सहजासहजी जात नाही.