जे विमान कधी उडालेच नाही

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून विमानांच्या प्रतिकृती जुळविण्याचा छंद जगभर जोपासला जातो. खोक्यावर विमानाचे चित्र असते, आत क्रमांक घातलेले भाग आणि सूचनापत्रक असते. सूचना पाळत गेले की काही दिवसांत स्पिटफायर किंवा लँकेस्टर तयार होते. मात्र या छंदातील काही मंडळी सूचनापत्रक बाजूला ठेवतात. दोन-तीन संचांतील भाग एकत्र करून ती असे विमान घडवितात, जे कोणत्याही देशाच्या हवाई दलात कधीच नव्हते. या प्रकाराला ‘किटबॅशिंग’ म्हणतात. त्यातही सर्वाधिक मोह असतो तो अवजड बॉम्बफेकी विमानाचा. चारऐवजी सहा इंजिने, लांबलचक पंख आणि अवाढव्य धड! वरवर पाहता हा केवळ कल्पनाविलास वाटेल. प्रत्यक्षात तो हिशेबाचा खेळ आहे.

मुळात अशी जोडाजोड केवळ छंदिष्टांनी केली, असेही नाही. ब्रिटनच्या अ‍ॅव्हरो कंपनीचे मँचेस्टर हे दोन इंजिनांचे विमान त्याच्या बेभरवशाच्या व्हल्चर इंजिनांमुळे अपयशी ठरले. तेव्हा त्याच विमानाचे पंख वाढवून त्यांवर चार मर्लिन इंजिने बसविण्यात आली आणि ९ जानेवारी १९४१ रोजी लँकेस्टरचे पहिले उड्डाण झाले. जर्मनीत युंकर्स कंपनीने आपल्या ‘जेयू २९०’ या चार इंजिनी विमानाच्या पंखांत आणि धडात जादा तुकडे घालून सहा इंजिनांचे ‘जेयू ३९०’ उभे केले. त्याच कंपनीच्या ‘जेयू २८७’ या जेट बॉम्बफेकी विमानाची कथा तर अधिकच नवलाची. ऑगस्ट १९४४ मध्ये उडालेल्या त्याच्या पहिल्या नमुन्याचे धड हाइनकेलच्या विमानाचे होते आणि पुढची चाके चक्क पाडलेल्या अमेरिकी लिबरेटर विमानांची होती.

लिबरेटरचाच एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. युद्ध संपल्यावर कानपूर येथे ही बॉम्बफेकी विमाने निकामी करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्यांतील चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उडण्याजोगी केली. १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेली ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती.

आता एक उदाहरण घेऊ. लँकेस्टरचे दोन संच आहेत, प्रमाण १:७२, आणि त्यांतून सहा इंजिनांचे काल्पनिक विमान करायचे आहे. खऱ्या लँकेस्टरच्या पंखांचा विस्तार सुमारे ३१ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत ४३ सेंटिमीटर. पहिल्या संचाचा पंख आतल्या इंजिनाच्या बाहेरच्या बाजूस कापायचा आणि तेथे दुसऱ्या संचातील इंजिनासह एक तुकडा बसवायचा. प्रश्न असा, की तुकडा किती रुंद हवा? डोळ्यांना शोभेल तेवढा, हे उत्तर चुकीचे. लँकेस्टरच्या प्रॉपेलरचा व्यास सुमारे चार मीटर होता. १:७२ मध्ये तो ५५ मिलिमीटर भरतो. शेजारशेजारच्या दोन इंजिनांच्या मध्यरेषांत याहून कमी अंतर राहिले, तर पाती एकमेकांवर आदळतील. म्हणून तुकडा किमान ६२ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापात साडेचार मीटरचा हवा. संचातून निघालेला तुकडा अपुरा पडलाच, तर उरलेली पट्टी जाड प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून भरावी लागते.

यानंतर येतो वजनाचा प्रश्न. लँकेस्टरच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस मीटर आणि भरलेल्या विमानाचे वजन सुमारे ३० टन. म्हणजे दर चौरस मीटरवर २५० किलोंचा भार. दोन्ही बाजूंच्या जादा तुकड्यांनी क्षेत्रफळ ४० चौरस मीटरने वाढले, तर तेवढाच भार धरून नवे विमान ४० टन पेलेल. इंजिनांच्या बाजूने पाहिल्यास एका इंजिनाच्या वाट्याला साडेसात टन येतात, म्हणजे सहा इंजिने ४५ टन ओढतील. दोन्हींतला लहान आकडा तोच खरा, तेव्हा मर्यादा ४० टनांची. वाढलेले हे दहा टन सगळेच बॉम्बसाठी मिळत नाहीत. दोन इंजिने, लांब पंख, बळकट तुळया, जादा चाके आणि सर्वांत जास्त तहान असलेल्या सहा इंजिनांचे इंधन यांतच त्यांतला मोठा वाटा खर्ची पडतो. त्यामुळे धड दुप्पट लांब करण्याचा मोह येथेच गळून पडतो.

शेपटीचेही तसेच. एका बाजूचे टोकाचे इंजिन बंद पडले, तर विमान त्या बाजूला वळू पाहते. इंजिन मध्यापासून जितके दूर, तितका हा ओढा अधिक. तो सावरण्यासाठी शेपटीवरील उभी पाती मोठी हवीत. मँचेस्टरला आणि लँकेस्टरच्या पहिल्या नमुन्यालाही दोनऐवजी तीन उभी पाती होती. काल्पनिक विमानाला दुसऱ्या संचातील एक पाते मधोमध बसविले, तर ते शोभेसाठी ठरत नाही. त्याला इतिहासाचाही आधार मिळतो.

हाताचे काम सुरू होते ते त्यानंतर. बारीक दात्यांच्या करवतीने पंख कापायचा, पितळी नळी आरपार घालून ती तुळईसारखी वापरायची, म्हणजे लांब पंख काही महिन्यांनी खाली झुकत नाहीत. या छंदातील द्रवरूप डिंक प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. उरलेल्या फटी पुट्टीने भरून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायच्या आणि करड्या प्रायमरचा एक हात द्यायचा. लपलेले सारे दोष त्या एका हाताने उघडे पडतात. वेगवेगळ्या प्रमाणांचे संच मिसळताना तर अधिकच सावध राहावे लागते. १:४८ मधील काचेचे छत १:७२ च्या धडावर बसविले, तर ते दीडपट मोठे होते आणि आत राक्षस बसणार असल्यासारखे दिसते. माणूस हेच शेवटी सर्व मापांचे माप ठरते.

या मापाचे महत्त्व लँकेस्टरच्या एका दारावरून कळते. युद्धकाळात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी नंतर त्याविषयी लिहून ठेवले आहे. संकटकाळी निसटण्यासाठी लँकेस्टरला असलेले दार २२ इंच रुंद होते, तर हॅलिफॅक्सचे २४ इंच. पाडलेल्या हॅलिफॅक्समधील सुमारे २५ टक्के विमानसैनिक वाचत. लँकेस्टरमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. अवजड कपडे आणि पॅराशूट घेऊन त्या दारातून बाहेर पडणे कठीण जाई. ते रुंद करावे यासाठी डायसन यांच्या एका सहकाऱ्याला दोन वर्षे झगडावे लागले आणि निर्णय झाला तेव्हा बहुतेकांसाठी उशीर झाला होता. बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले.

दोन इंचांचा तो फरक १:७२ च्या प्रमाणात मिलिमीटरचा जेमतेम सात दशांश भरतो. काल्पनिक विमानाचा कर्ता मनात आणील तर कानशीच्या दोन-चार हातांत ते दार रुंद करू शकतो. पंखांचा विस्तार ५५ सेंटिमीटरवर गेल्याचे कौतुक पाहणारे करतीलच. दाराकडे मात्र कोणाचे लक्ष जाणार नाही. तरीही सहा इंजिनांच्या विमानात आठ-नऊ माणसे बसविणाऱ्याने ती बाहेर कोठून पडतील, हे आधी ठरवावे आणि मगच रंगाची बाटली उघडावी.