ट्रॅकवर पळणारा उजेड

टीव्हीवर पाच हजार मीटरची शर्यत कधी शेवटपर्यंत पाहिली आहे? साडेबारा फेऱ्या असतात. चौथ्या-पाचव्या फेरीला हात आपोआप रिमोटकडे जातो. तोच हात क्रिकेटचा पाठलाग सुरू असताना मात्र जागचा हलत नाही. का? कारण किती चेंडूंत किती धावा हव्यात, हे तिथे दर चेंडूला डोळ्यांसमोर असतं. शर्यतीतही कोपऱ्यात घड्याळ असतं, पण ते फक्त उलटलेला वेळ सांगतं. धावणारा विश्वविक्रमाच्या पुढे आहे की मागे? ते कळायला घरबसल्या भागाकार करावा लागतो!

म्हणजे शर्यतीतला सगळ्यात जबरदस्त प्रतिस्पर्धी, तो जुना विक्रम, प्रेक्षकाला दिसतच नाही. तो दिसला तर?

आता दिसतो. ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग बसवतात. या तंत्राचं नाव वेव्हलाइट. गणपतीच्या मंडपावरची पळती रोषणाई आठवा. एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, पुढचा लागतो आणि डोळ्यांना उजेड धावताना दिसतो. इथेही तेच. फक्त या उजेडाला ठरलेला वेग दिलेला असतो.

१४ ऑगस्ट २०२०, मोनॅको. युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई पाच हजार मीटर धावायला उभा राहिला. विक्रम होता इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेचा, २००४ सालचा: १२ मिनिटं ३७.३५ सेकंद. गणित करून पाहा. प्रत्येक फेरी साधारण ६०.६ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ६.६ मीटर. मीटरला एक दिवा धरला, तर या वेगाला एकेका दिव्याच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. एवढ्यात त्याने लागायचं आणि विझायचं. हे फेरीमागून फेरी, न दमता!

न दमता, हे महत्त्वाचं. वेग राखून द्यायला पुढे पळणारे पेसमेकर पूर्वीपासून आहेत, पण तीही माणसंच. कधी थोडी जोरात सुटतात, कधी मंदावतात आणि निम्म्या वाटेच्या आसपास बाजूला होतात. त्या रात्रीही तेच झालं. उरलेलं अंतर चेप्टेगेईने एकट्याने कापलं. म्हणजे माणूस एकटा, आणि कडेने तो उजेड. घरी बसलेल्या कुणालाही, अगदी शाळकरी पोरालाही, एका नजरेत कळत होतं की गडी विक्रमाच्या वेगाने चाललाय की नाही.

त्याने वेळ दिली १२ मिनिटं ३५.३६ सेकंद. सोळा वर्षं टिकलेला विक्रम दोन सेकंदांनी मोडला. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या वेगाला ते तेरा मीटर होतात. क्रिकेटच्या पिचच्या अर्ध्याहून जास्त! सेकंद मीटरमध्ये दिसू लागले की विक्रमाचा आकार कळतो, आणि मला वाटतं, टीव्हीसाठी याहून मोलाचं काही नाही.

दिव्यांमुळे धावणं यांत्रिक होतं, अशी एक तक्रार असते. मला ती पटत नाही. उजेड वेग दाखवतो, पाय उचलत नाही. आणि पदकाच्या शर्यतीत, जिथे घड्याळापेक्षा शेजारच्याला हरवायचं असतं, तिथला थरार वेगळाच.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची शर्यत आठवते? २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२०. सोनं आणि रुपं यांच्यात जेमतेम फूटभर अंतर. तेवढं सगळ्यांनी पाहिलं.

पण त्या दिवशी आणखी एक जण धावत होता. त्याच वर्षी जूनमध्ये रबातला ८ मिनिटं १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा साबळे. सरासरी वेगाने हिशोब केला, तर बर्मिंगहॅमच्या साबळेने अंतिम रेषा ओलांडली, तेव्हा रबातचा साबळे तिच्यापासून जवळपास आठ मीटर मागे होता. तो मात्र कुणालाच दिसला नाही.